मावळतीच्या फोटोतला हिरवा ठिपका

दिवाळीच्या सुट्टीत भाचा आणि भाचेसून पुण्याहून मालवणला आले होते. संध्याकाळी तारकर्लीच्या पुळणीवर उभं राहून भाच्यानं मावळत्या सूर्याचे चाळीसेक फोटो काढले. रात्री जेवणं झाल्यावर बघायला बसलो तर जवळजवळ प्रत्येक फोटोत एक हिरवट ठिपका. एकात होडीच्या नाळेवर, एकात पाण्यावर, आणि सगळ्यात चांगल्या फोटोत नेमका भाचेसुनेच्या गालावर. आईनं चष्मा लावून बघितलं आणि विचारलं, "ह्यो हिरवो टिपको कसलो रे?" भाच्याला वाटलं फोन बिघडला.

फोन बिघडला नव्हता. याला लेन्स फ्लेअर म्हणतात. साध्या फोनमध्ये तो येतो आणि लाखाच्या फोनमध्येही येतो. कोकणात तो जास्त भेटतो, कारण आपला समुद्र पश्चिमेला. फिरायला आलेला माणूस संध्याकाळी सूर्याकडे तोंड करूनच फोटो काढणार. मी गेली काही वर्षं घरी येणाऱ्या पाहुण्यांचे फोटो काढून देतो, त्यातून जे हाताला लागलं ते इथे क्रमानं सांगतो. त्यात एक गोष्ट मुख्य आहे: हा ठिपका कुठेही पडत नाही, त्याची जागा ठरलेली असते. ती कळली की तो तुम्हाला हवा तिथे बसवता येतो.

आधी कारण, थोडक्यात

फोनच्या कॅमेऱ्यात एकच काच नसते. बाहेर एक सपाट संरक्षक काच, आत पाच-सात छोटी भिंगं (बहुधा प्लास्टिकची), मग एक फिल्टर आणि शेवटी उजेड टिपणारा सेन्सर. उजेड काचेतून जाताना प्रत्येक पृष्ठभागावर थोडा मागे फिरतो. साध्या काचेवर हा परतणारा उजेड सुमारे 4 टक्के असतो. परतलेला उजेड दुसऱ्या पृष्ठभागावर आपटून पुन्हा सेन्सरकडे आला की मूळ उजेडाच्या 4 टक्क्यांचे 4 टक्के उरतात, म्हणजे सहाशेत एक भाग. 1935 साली जर्मनीत कार्ल झाइस कंपनीत अलेक्झांडर स्माकुला यांनी काचेवर अतिशय पातळ थर चढवून हे परतणं कमी करायची रीत काढली. आज फोनच्या भिंगांवरही असे थर असतात, त्यामुळे उरणारा उजेड आणखी कितीतरी कमी होतो. पण वरचा सूर्य निळ्या आकाशाच्या लाखपट तरी उजळ असतो, त्याचा इतका कमी झालेला, समजा चाळीस हजारावा, भागसुद्धा फोटोत दिसतो. थर सगळे रंग सारखे अडवत नाही. जो रंग निसटतो, बहुतेकदा हिरवा किंवा जांभळा, तोच ठिपक्याला येतो.

फ्लेअरचे प्रकार दोन, आणि त्यांचे उपाय वेगळे. एक म्हणजे हा ठिपका. दुसरी झळ: अख्ख्या फोटोवर दुधी पडदा आल्यासारखं होतं, काळा रंग करडा दिसतो, माडांच्या झावळ्या फिकट पडतात. ठिपका लगेच दिसतो. झळ लक्षात येत नाही, नुसतं "फोटोत मजा नाही आली" एवढंच वाटतं. माझ्या मते नवख्यांचे जास्त फोटो झळ बिघडवते.

घरच्या घरी: समईसमोर दहा मिनिटं

किनाऱ्यावर जायच्या आधी हे एकदा कराच. रात्री देवघरातल्या पाच वातींच्या समईच्या पाचही ज्योती लावा, खोलीतले दिवे घालवा. फोनचा मुख्य कॅमेरा 1एक्सवर ठेवून हातभर अंतरावरून समई पडद्याच्या वरच्या डाव्या कोपऱ्याजवळ येईल असं धरा. आता खालच्या उजव्या भागात अंधारात बघा. बहुतेक फोनांवर तिथे फिकट हिरव्या ज्योती दिसतील, आणि त्या उलट्या असतील. टोकं खाली, वाती वर. दिसल्या नाहीत तर समईऐवजी दुसऱ्या फोनचा टॉर्च लावा, एक ठिपका तरी नक्की सापडेल.

आता फोन हळूहळू वळवा. समई डावीकडे सरकली की हिरव्या ज्योती उजवीकडे पळतात, समई वर गेली की त्या खाली येतात. समई बरोबर मध्ये आणली की त्या खऱ्या ज्योतींवर येऊन मिसळतात आणि दिसेनाशा होतात. पडद्याच्या मध्यबिंदूत खिळा ठोकून एक काठी त्यावर फिरवली, तर काठीच्या एका टोकाला दिवा आणि दुसऱ्या टोकाला ठिपका. मधलं अंतर दोन्हीकडे सारखं. पुढचं सगळं या काठीवर चालतं.

फोनमध्ये ग्रिड चालू करून ठेवा. नऊ चौकोनांच्या मधल्या चौकोनाचा मध्य म्हणजे तो खिळा.

किनाऱ्यावर पोचल्यावर पहिलं काम: काच पुसणं

हे सांगायला लाज वाटते इतकं साधं आहे, पण दहातले सहा-सात फोन माझ्या हातात येतात ते काचेवर बोटाचा ठसा घेऊन. खिशात, पर्समध्ये, सनस्क्रीन लावलेल्या हातात, बांगडा फ्राय खाऊन नुसत्या टिश्यूला पुसलेल्या हातात फोन असतो. वर आपली हवा खारट. लाटा मोठ्या असतील तर पाण्याचे बारीक तुषार काचेवर बसतात, सुकतात आणि मिठाचा अगदी पातळ थर उरतो. अशा काचेवर सूर्य पडला की झळ दुप्पट.

तेलकट बोट एकाच दिशेनं फिरलेलं असेल तर दिव्यातून एक लांब रेघ निघालेली दिसते. ही रेघ पुसल्याच्या दिशेला काटकोनात असते: काच वरून खाली पुसली असेल तर रेघ आडवी. म्हणून दिव्याला शेपूट फुटलेलं दिसलं की सेटिंग शोधत बसू नका, काच बघा.

पुसायची रीत अशी. आधी फुंकर मारा किंवा फोन उलटा धरून टिचकी द्या, म्हणजे वाळूचा कण असला तर पडेल. मीठ काचेपेक्षा मऊ असतं, पण वाळूतली गारगोटी काचेपेक्षा कठीण. ती कापडाखाली आली की काचेवर चरा पडतो, आणि चऱ्यातून कायमची झळ येते. मग चष्म्याच्या कापडाचं टोक पिण्याच्या पाण्यानं किंचित ओलं करून मीठ उचला, शेवटी कोरड्या भागानं गोल पुसा. शर्टाचं टोक चालेल का? शर्ट सुती, धुतलेला आणि घामेजला नसेल तर चालेल. तारकर्लीत दुपारी चार वाजता असा शर्ट कोणाच्या अंगावर असतो ते मला माहीत नाही.

एसी गाडीतून उतरल्या उतरल्या फोटो काढू नका. पावसाळ्यात आणि मे महिन्यात दमट हवेमुळे थंड काचेवर वाफ धरते. पाच मिनिटं फोन हातात राहू द्या.

आणि ती लेन्सवर चिकटवायची जास्तीची काच. मी एका दुकानातून हौसेनं घेतली होती, दुकानदार म्हणाला चरे पडणार नाहीत. पडले नाहीत. पण दोन पृष्ठभाग वाढले, त्यांच्यामध्ये हवेची फट आली आणि प्रत्येक पणतीला दोन-दोन भुतं, म्हणजे असेच खोटे ठिपके, दिसू लागली. तिसऱ्या दिवशी नखानं उचकटून काढली.

सूर्य फ्रेमच्या बाहेर आहे का आत?

फोटोआधी हा एक प्रश्न स्वतःला विचारा, कारण दोन्हीची वाट वेगळी.

सूर्य बाहेर, पण कडेजवळ असेल तर झळ येते. फोटोत सूर्य नाही, तरी तिरपी उन्हं काचेवर पडतातच आणि आत इकडून तिकडे आपटत राहतात. मोठ्या कॅमेऱ्याला यासाठी पुढे छत्रीसारखं हूड लावतात. फोनला हूड नाही, आपला हात आहे. एका हातात फोन धरा, दुसरा तळहात सूर्याच्या बाजूनं फोनच्या वर किंवा कडेला आडवा धरा. बरोबर धरलाय का हे पडद्यावर बघून नीट कळत नाही, मान वळवून फोनची मागची बाजू बघा. तुमच्या हाताची सावली कॅमेऱ्याच्या काचेवर पूर्ण पडली पाहिजे. अर्धी पडली तर उपयोग नाही. सावली पडली की पडद्यावर फरक डोळ्यादेखत दिसतो: होडीचा निळा रंग एकदम गडद होतो, जणू कोणी ओल्या फडक्यानं चित्र पुसलं. बोटं फ्रेममध्ये डोकावत असतील तर हात थोडा मागे घ्या. हात मोकळा नसेल तर टोपी चालते, सोबतच्या माणसाला "जरा इथे उभा राह" म्हणून त्याची सावलीही चालते. माडाच्या बुंध्याच्या सावलीत दोन पावलं सरकलात तर सगळ्यात उत्तम.

सावली जमत नसेल तर वळा. मुख्य कॅमेरा आडवा धरला असता साधारण 70 अंश रुंद बघतो. हात लांब करून मूठ धरली की ती सुमारे 10 अंशांची होते. सूर्यापासून एक-दोन मुठी दूर वळलात की बहुतेक वेळा झळ निम्म्यावर येते, आणि फोटोची रचना फारशी बदलत नाही. फोन किंचित खाली झुकवला तरी तेच होतं, कारण संध्याकाळी सूर्य वरच्या कडेलाच असतो. थोडं आकाश कमी येईल, एवढंच.

सूर्य फ्रेममध्ये असेल तर ठिपका कुठे ठेवायचा

इथे हाताची सावली कामाची नाही, सावली धरली तर सूर्यच झाकेल. इथे आपली काठी कामाला येते.

भाच्याची चूक आता कळेल. त्यानं सूर्य वरच्या डाव्या भागात ठेवला आणि बायकोला खालच्या उजव्या भागात उभी केली. फोटोच्या रचनेच्या दृष्टीनं हे छान, सगळे तेच शिकवतात. पण काठीचं दुसरं टोक नेमकं तिथेच येतं. दुसऱ्या दिवशी मी तिला उजवीकडेच, पण दोन पावलं पुढे, फोनजवळ बोलावलं. चेहरा वरच्या उजव्या भागात आला, ठिपका खाली साडीच्या निऱ्यांजवळ गेला आणि तिथल्या हिरव्या नक्षीत कोणाला सापडलासुद्धा नाही.

माझी सगळ्यात आवडती जागा मात्र दुसरी आहे, आणि ती पश्चिमेच्या समुद्रावरच मिळते. सूर्य खाली आला की पाण्यावर त्याचा सोनेरी पट्टा पडतो, क्षितिजापासून थेट आपल्या पायापर्यंत. हा पट्टा नेहमी सूर्याच्या बरोबर खाली असतो. म्हणून सूर्य डावीकडे-उजवीकडे न ठेवता फ्रेमच्या उभ्या मध्यरेषेवर आणा, मध्याच्या थोडा वर. फोन वाकडा नको, क्षितिज सरळ हवं. आता ठिपका त्याच मध्यरेषेवर, मध्याच्या तेवढाच खाली पडतो, म्हणजे थेट सोनेरी पट्ट्यात. तिथे मुळातच इतकी चकाकी असते की तो विरघळून जातो. तुम्ही एकटेच समुद्र टिपत असाल तर दुसरं काही करायची गरज नाही. माणूस हवा असेल तर त्याला पट्ट्याच्या कडेला उभा करा, पट्ट्यात नको.

तिसरी युक्ती सूर्यच झाकायची. माडाचा बुंधा, सुरूचं झाड, होडीची डोलकाठी, मालवणच्या धक्क्यावरून सिंधुदुर्गाचा तट, किंवा समोरच्या माणसाचं डोकं यांच्याआड सूर्य घ्या. पूर्ण झाकला की ठिपका जातो आणि कडेला सोनेरी रेघ उरते. थोडासा डोकावू दिला तर ठिपका फिकट राहतो. पाव पाऊल इकडे-तिकडे सरकून तीन-चार फोटो काढा, एक तरी साधतो. सूर्याचा व्यास आकाशात जेमतेम अर्धा अंश आहे, म्हणून दहा पावलांवरची डोलकाठीसुद्धा पुरते.

चौथी, आळशांसाठी: मुद्दाम मोठा फोटो काढा आणि नंतर कापा. सूर्य डाव्या कडेजवळ ठेवला की ठिपका उजव्या कडेजवळ जातो. घरी येऊन उजवी कड कापून टाकली की सूर्य राहतो, ठिपका जातो. दोन्ही बाजूंनी सारखं कापू नका, सूर्यही जाईल.

एक्स्पोजरची, म्हणजे फोटोचा उजेड कमी-जास्त करायची पट्टी खाली ओढली की ठिपका जाईल असं बरेच जण समजतात. ओढून बघा. सगळा फोटो काळवंडतो, ठिपका मात्र काळ्या वाळूवर आणखी उठून दिसतो. फोनमधली एचडीआर ही सोय सावल्या उजळवते आणि सोबत ठिपकाही उजळवते. पट्टी सूर्याभोवतालचे रंग राखायला वापरा, ठिपक्याचा इलाज म्हणून नको.

कोणती लेन्स

0.5एक्स किंवा 0.6एक्सची अल्ट्रावाइड लेन्स सूर्यासमोर टाळा. ती साधारण 120 अंश बघते, त्यामुळे सूर्य तिच्यातून बाहेर काढणंच अवघड, आणि भुतं एकाऐवजी रांगेनं येतात. किल्ल्याचा तट किंवा पुळणीचा पूर्ण बाक हवाच असेल तर सूर्य मध्यरेषेवर. नाहीतर 1एक्स.

वेळ

सूर्य क्षितिजापासून किती वर आहे ते मुठीनं मोजा. आपल्याकडे एक मूठ म्हणजे साधारण चाळीस मिनिटं, एक बोट म्हणजे दहा मिनिटं. दोन मुठी असताना फ्लेअर जोरात असतो, तेव्हा सूर्याकडे पाठ करून माणसांचे, माशांच्या टोपल्यांचे, रापण ओढणाऱ्यांचे फोटो काढून घ्या. शेवटच्या एका बोटात सूर्य जाड हवेच्या थरातून येतो, लाल आणि मवाळ होतो, ठिपका आपोआप फिकट पडतो. पावसानंतर ऑक्टोबर-नोव्हेंबरात हवा स्वच्छ असते तेव्हा सूर्य बुडेपर्यंत तळपतो. मार्च-एप्रिलच्या धुरकट हवेत तो बराच आधी मऊ होतो.

समुद्र हवा आणि फ्लेअर नको असं असेल तर सकाळी जा. सूर्य सह्याद्रीकडून, आपल्या पाठीमागून येतो, निळा समुद्र आणि होड्यांचे रंग काहीही न करता स्वच्छ येतात. देवबागसारख्या जागी, एका बाजूला समुद्र आणि दुसऱ्या बाजूला कर्ली नदी, सकाळचा सूर्य नदीवर मिळतो. तिथेही पाण्यातला पट्टा असतो आणि वरची युक्ती तशीच चालते.

रात्र: जत्रा आणि दशावतार

सूर्यावर जमलं म्हणजे रात्री जमेलच असं नाही, कारण रात्री सूर्य दहा असतात. दशावतारी नाटकाच्या मांडवात वर टांगलेले हॅलोजन, प्रत्येकाचा एक ठिपका, आणि खाली अंधार, त्यामुळे सगळे ठिपके उठून दिसतात. वरचे दिवे फ्रेमच्या वरच्या कडेला आले की त्यांची भुतं खालच्या कडेला, म्हणजे पुढे बसलेल्या पोराबाळांच्या डोक्यांवर. पण मागे उभं राहून फोन वर उचललात की दिवे मध्याजवळ येतात आणि भुतं थेट राजाच्या मुकुटाखाली नाचतात. म्हणून पुढे जा, खाली बसा, आणि दिवे फ्रेमच्या बाहेर जाईपर्यंत जवळ जा. दिवे बाहेर गेले की त्यांचे ठिपकेही गेले. उरते ती झळ, तिला तळहात आहेच. व्हिडिओ काढताना फोन फिरवू नका. स्थिर फोटोत एक वेळ ठिपका लपतो, फिरत्या व्हिडिओत तो काजव्यासारखा उलट्या दिशेनं पळतो आणि नटापेक्षा त्याच्याकडेच लक्ष जातं.

राहिलाच तर

आकाशावर किंवा वाळूवर पडलेला ठिपका पुसणं सोपं. गूगल फोटोजचं मॅजिक इरेजर, आयफोनचं क्लीन अप किंवा कुठल्याही अॅपमधलं हीलिंग ब्रश, बोटानं गोल काढला की गेला. चेहऱ्यावरचा, दागिन्यांवरचा किंवा किल्ल्याच्या दगडी बांधकामावरचा मात्र नीट जात नाही, अॅप तिथे काहीतरी मनचं भरतं. म्हणून ज्या फोटोत चेहरा महत्त्वाचा, तिथे लगोलग दोन फोटो काढा आणि दुसऱ्याच्या वेळी फोन बोटभर वळवा. ठिपक्याची जागा बदलते, एका फोटोत तरी गाल मोकळा सापडतो. भाचेसुनेचा तो पहिला फोटो मी पुसून बघितला. ठिपका गेला, पण गालावरचा तीळही गेला. तिनं फोटो परत होता तसा करायला लावला.